वर विमान, खाली उपास

कुंभार पिंपळगावच्या सगुणाबाईंचा मुलगा धर्मराज हैदराबादला विमान चालवायला शिकत होता. उतारू घेऊन उडण्याचा परवाना मिळायला आधी ठरावीक तास उडावं लागे. त्यातले साठ अजून बाकी होते. पावसाळ्याआधी ते भरावेत म्हणून तो दिवसाआड उडत असे आणि उडायचे वार घरी कळवत असे.

त्या वारांना सगुणाबाई सुनेला निर्जळी उपास धरायला लावत. नवरा वर असताना बायकोनं पाणी प्यायलं तर विमान पडतं, असं आळीतल्या बायका म्हणू लागल्या होत्या. विमान त्यांच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

सून तुळजाबाई सात महिन्यांची गरोदर होती. वैशाखातल्या एका मंगळवारी भाकरी थापता थापता ती थांबली.

"आत्याबाई, सकाळपासून पोटात हालचाल न्हाई. एक घोट घेऊ का?"

"दिवस मावळू दे. पोरगं वर लटकून राह्यलं अन् तुला पाणी सुचतं? मी तरी कुठं प्याले?"

हे खरं होतं. त्याही सकाळपासून कोरड्याच होत्या.

दुपारी तुळजाबाई चुलीपुढंच कोसळली. चाँदबी सुईण धावत आली. मूल मेलेलंच जन्मलं.

"बिलकुल सुकवून टाकली पोरीला!" चाँदबी कडाडली. सगुणाबाई भिंतीकडं तोंड करून रडत राहिल्या.

पुढच्या महिन्यात तास भरले. धर्मराज परवाना घेऊन घरी आला. आईनं त्याची दृष्ट काढली. "उपास फळला रे. आता तू रोज उडशील, मंग उपासही रोजचा."

रात्री तुळजाबाईनं विचारलं, "मी पाणी पीत न्हाई, हे तुम्हाला माहीत होतं ना? मंग वार कशाला कळवत होता?"

तो म्हणाला, "भीती वाटायची. एकट्यानं उडताना जास्तच. घरी कुणीतरी आपल्यासाठी उपाशी बसलंय म्हटलं की धीर यायचा."

"तुमच्या धीरापायी माझं लेकरू गेलं."

त्यानं मान खाली घातली. पण उपासाबद्दल आईला एक शब्दही न बोलता तो हैदराबादला निघून गेला.

तो पहिल्यांदा उतारू घेऊन उडणार होता, त्या दिवशी शेजारणी ओसरीवर जमल्या. तुळजाबाई आतून तांब्या घेऊन आली आणि सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्याली.

"सटवे, माझ्या पोराचा जीव घेतलास!" सगुणाबाई किंचाळल्या. शेजारणी उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत त्या घराकडं कुणी फिरकलं नाही.

कसलीच बातमी येईना. सगुणाबाई आभाळाकडं बघत उंबऱ्यात बसल्या होत्या. तुळजाबाईनं त्यांच्यापुढं पाणी धरलं.

"घ्या, आत्याबाई."

"तो पडला तर?"

"ते पडले तर मी रडंन. तुमच्याहून जास्त रडंन. पण मी पाणी प्याले म्हणून ते पडले, असं मला कुणी म्हणायचं न्हाई."

सगुणाबाईंनी तांब्या दूर सारला. तुळजाबाई त्यांच्याशेजारीच बसली.

वाचकहो, तुमच्या माजघरात आज कुणाच्या जिवासाठी कोण तहानलेलं बसलंय? उठा, तिला पाणी द्या. दिवस मावळायची वाट पाहू नका.