जाताना चार तास

धाकट्याचा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं भरतं तेवढंच उलट मोजलं तरी भरतं, यावरच त्याचं पोट चालायचं. ताई त्याला फूटपट्टी म्हणायची.

सकाळी तिचा फोन आला. “विमान आता सुटतंय रे, फूटपट्टी. किती वेळ लागेल?”

“चार तास. सहा वेळा आलोय तुझ्याकडे, दर वेळी चारच. पुढे अर्धा तास टॅक्सी.”

“आईला धरून ठेव.”

आई औषधाच्या गुंगीत होती. गुंगीत जाण्यापूर्वी तिने एकच मागणं मागितलं होतं: ताई आली की मला उठवा. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बजावलं होतं, “औषध थांबवलं की त्या शुद्धीवर येतील, पण दुखणंही जागं होईल. फार वेळ सोसवणार नाही. आणि हे एकदाच जमेल, तेव्हा वेळ नीट बघून सांगा.”

चार तास भरले तसं त्याने औषध थांबवायला सांगितलं.

थोड्या वेळाने आईने डोळे उघडले. “आली?”

त्याने फोन पाहिला. पडद्यावरच्या नकाशात ताईचं चिमुकलं विमान अजून समुद्रावरच होतं. तिकडे जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर. परतीला तो दर वेळी गाढ झोपायचा. घड्याळ कधी बघितलंच नव्हतं.

“आलीच. जिना चढतेय.”

“जन्मालाही दहा दिवस उशिरा आली मेली,” आई पुटपुटली. “मला उशीला टेकव जरा. अशी आडवी दिसले तर रडत बसेल.”

त्याने टेकवलं. मग दुखणं उठलं. आईने ओठ घट्ट मिटले, पलंगाची दांडी धरली. नजर मात्र दारावरच. बराच वेळ तिने काढला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्याने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

“किती मजले आहेत रे?” तिने धापा टाकत विचारलं.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघत होत्या. विमान किनाऱ्यालाही लागलं नव्हतं.

“द्या औषध,” तो म्हणाला.

ताई धावत आली तेव्हा आई उशीला टेकून झोपली होती, तोंड दाराकडे. “उठवा ना तिला,” ताई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली.

ताईने खांद्यावरची बॅगही उतरवली नाही. “काही म्हणाली?”

“जन्मालाही उशिरा आलीस, म्हणाली.”

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती भिंतीला टेकून खाली बसली. “आणखी?”

“किती मजले आहेत, विचारत होती.”

“कसले मजले?”

धाकटा आईची उशी सारखी करत राहिला.