फाटक उघडण्याची परवानगी

लोटे येथील ज्या रसायनांच्या कारखान्यात मी नऊ वर्षे पहारेकरी होतो, तेथे एकाच इमारतीत शेजारी शेजारी दोन दारे होती. दोन्ही दारांवर मराठीत ‘सुरक्षा विभाग’ असेच लिहिलेले होते. इंग्रजीत मात्र एकावर सेफ्टी आणि दुसऱ्यावर सिक्युरिटी अशी अक्षरे होती. माझे शिक्षण आठवीपर्यंत. नाटे गावी वडिलांच्या होडीवर मन रमेना, म्हणून मी खाकी गणवेश पत्करला. त्या दोन शब्दांत काही भेद असेल, असा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

भेद सांगितला तो सेफ्टीच्या मृणाली मॅडमनी. एका प्रशिक्षण वर्गात त्या म्हणाल्या, की माणूस धडधाकट घरी परतला पाहिजे हे पाहणे त्यांचे काम, आणि कारखान्यातील वस्तू कोणाच्या घरी जाता कामा नये हे पाहणे आमचे. माझ्या शेजारी माझ्याच गावचा आत्माराम बसला होता. तो टाक्यांच्या विभागात ऑपरेटर होता. तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे मॅडम मला सांभाळणार आणि गंगाराम माझा डबा तपासणार." सर्व हसले. मीही हसलो, कारण पाळी सुटताना मी त्याचा डबा खरोखरच उघडून पाहत असे.

गेल्या वर्षी कोणीतरी मुद्दाम सायरन वाजवला आणि त्या गोंधळात मागील फाटकातून तांब्याच्या तारांची भेंडोळी पळवली. तेव्हापासून आमचे सुपरवायझर घाग साहेब यांनी तोंडी हुकूम दिला, की सायरन वाजताच मागील फाटकाला बाहेरून कुलूप घालायचे आणि वॉकीटॉकीवर त्यांची परवानगी येईपर्यंत काढायचे नाही. आत माणसे असताना त्या फाटकाला कुलूप असूच नये, अशी तीन पत्रे मृणाली मॅडमनी दिली. ती एका दारातून दुसऱ्या दारात गेली आणि तेथेच पडून राहिली. हे मला ठाऊक होते. परंतु तो वरिष्ठांचा विषय आहे, असे मी समजत होतो.

माघ महिन्यातील एका मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता सायरन झाला. बहुतेक कामगार पुढील बाजूस कॅन्टीनमध्ये चहाला गेले होते. मी हुकुमाप्रमाणे मागील फाटकाला कुलूप घातले आणि किल्ली हाती धरून उभा राहिलो. इतक्यात टाक्यांच्या बाजूने आत्माराम आला. तोंडावर ओला रुमाल होता. तो धावत नव्हता, झपाझप चालत होता. त्याच्या पाठीमागे नळीचा सांधा फुटून पांढरा वायू जमिनीलगत पसरला होता आणि वारा आमच्याच दिशेने वाहत होता.

"गंगाराम, कुलूप काढ. पुढून वाट नाय."

मी म्हणालो, साहेबांना विचारतो, एक मिनिट.

"विचार. पण काढून विचार."

मी वॉकीटॉकीवर विचारले. आत कोण आहे तेही सांगितले. घाग साहेब पुढील फाटकावर माणसे मोजत होते. त्यांनी सांगितले, की त्याला पुढच्या गेटला यायला सांग. मी तो निरोप जसाच्या तसा आत्मारामला दिला. त्याने गजांतून माझ्याकडे पाहिले.

"तिकडं जायचं म्हणजे त्याच्यातूनच जायचं. तुला दिसतंय ना?"

मला दिसत होते. मी पुन्हा विचारले, तेव्हा ‘थांब’ असे उत्तर आले. माझे डोळे चुरचुरू लागले, खोकला येऊ लागला, आणि मी किल्लीसह पन्नास पावले मागे सरलो. तेथून मला त्याची हाक दोनदा ऐकू आली. ती किंकाळी नव्हती. अंगणातून शेजाऱ्याला हाक मारावी तशी ती होती. परवानगी आल्यावर मी धावलो. फाटक आतल्या बाजूस उघडणारे होते आणि तो त्याला टेकून पडला होता. त्याला सरकवल्याशिवाय ते उघडेना.

चौथ्या दिवशी माझ्यापुढे सहीसाठी कागद आला. मागील फाटक उघडे होते, मयत इसम घाबरून प्रशिक्षणात दाखवलेल्या वाटेच्या विरुद्ध दिशेस पळाला व टाकीजवळ पडला, असा त्यातील मजकूर होता. घाग साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याच भल्याचं आहे. कुलूप आलं की किल्लीवाला आला." मी उद्या सही करतो म्हणालो आणि रजा टाकून गावी, नाट्याला गेलो.

आत्मारामची पत्नी हिरावहिनी अंगणात सुकट निवडत होत्या. कंपनीचा माणूस येऊन आत्माराम भांबावला असे सांगून गेला होता आणि त्या येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होत्या, की वादळात होडी किनाऱ्याला आणणारा माणूस नळी फुटली म्हणून भांबावेल का. मी पायरीखाली बसून त्यांना सर्व सांगितले. त्यांचा हात सुकटीत थांबला.

"किती वेळ उभा होता तो?"

"सगळी मिळून अकरा मिनिटं, वहिनी."

"शिव्या घातल्यान तुम्हाला?"

"नाही."

त्यांनी पुढ्यातील सुकट बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला सांगून तुम्ही हलके झालात, भावजी. आता चौकशीच्या साहेबाफुडं सांगा. माझ्या दारात परत येऊ नका."

सरकारी चौकशी पुढील आठवड्यात रत्नागिरीस झाली. मागील बाकावर हिरावहिनी आणि पूर्वी नावाची त्यांची मुलगी बसल्या होत्या. घाग साहेबांनी सांगितले, की असा कोणताही हुकूम दिलेला नव्हता. मृणाली मॅडमनी तिन्ही पत्रांच्या प्रती पुढे ठेवल्या, परंतु कुलूप कोणाच्या हुकुमाने लागते याचा त्यांत उल्लेख नव्हता. अधिकाऱ्यांनी मला विचारले, "किल्ली तुमच्या हातात होती आणि तुम्ही कुलूप काढले नाही, असे लिहू?"

मी म्हणालो, लिहा. आणि आत्माराम घाबरला नव्हता, बरोबर वाटेने आला होता, हेही लिहा.

अधिकाऱ्यांनी आत्मारामबद्दलचे ते वाक्य वेगळ्या ओळीत लिहून घेतले. मी सही केली. हिरावहिनी पुढे आल्या, त्यांनी मुलीकडून तेवढी एक ओळ दोनदा वाचून घेतली आणि माझ्याकडे न पाहता त्या निघून गेल्या.