निळी कॉलर आणि दोन गुण

मी एक जुना ईझल आहे, मित्रांनो. चित्र उभे करायची तीन पायांची लाकडी घोडी म्हणा हवे तर. एका सुताराने मला कलाशाळेसाठी बनवले. तिथे वीस वर्षे मुलांनी माझ्यावर रंग सांडले. मग त्या शाळेने मला प्रदर्शनाच्या हॉलला देऊन टाकले. तिथे दरवर्षी चित्रांची मोठी स्पर्धा भरते.

माझ्यावर ठेवलेल्या चित्राचे तोंड परीक्षकांकडे असते आणि पाठ माझ्याकडे. मला दिसतात ते बघणाऱ्यांचे चेहरे. वर्षानुवर्षे चेहरेच वाचत राहिलो, त्यामुळे स्वभाव संशयी झाला. कोण ओळखीच्याला झुकते माप देतो, कोण न बघताच आकडा लिहितो, सगळे मला कळते असे मला वाटायचे.

त्या वर्षी परीक्षक तिघे होते. एक पिकल्या केसांचे नामवंत चित्रकार, त्यांना सगळे सर म्हणत. दुसऱ्या मातीकाम करणाऱ्या बाई, बोलायला रोखठोक. तिसरा एक फोटोग्राफर. चित्रावर नाव नसे, फक्त नंबर. स्पर्धक ओळखीचा निघाला तर परीक्षकाने तसे सांगून उठायचे, असा नियम होता.

एकतीस नंबरचे काम माझ्यावर चढवले तेव्हा मला ते ओझरते दिसले. रंग नव्हताच. झिजलेल्या शर्टांच्या शंभरएक कॉलरी कॅनव्हासवर ओळीने शिवल्या होत्या. सर समोर आले आणि थबकले. वाकले. इकडेतिकडे बघून एका कॉलरीला हळूच बोट लावले. मग चक्क मागे येऊन पाठ तपासू लागले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस नाव शोधतोय! नक्की कुणाशी तरी साटेलोटे आहे.

बाईंनाही तो वास आला असावा. पण गुणांचे कागद गोळा झाले तेव्हा त्या चक्रावल्याच. सरांनी एकतीस नंबरला दहापैकी दोन दिले होते. बाईंनी आणि फोटोग्राफरने आठ-आठ.

"सर, हे काय?" बाई म्हणाल्या. "बाकीच्यांपुढे तुम्ही दोन मिनिटं थांबत नव्हता. इथे पाव तास उभे होतात. आणि दोन?"

"नाही आवडलं."

"मग हात कशाला लावलात? मागे काय बघत होता?"

सर खुर्चीत बसले.

"तिसऱ्या ओळीतली ती निळी कॉलर माझ्या शर्टाची आहे. झिजली म्हणून माझ्या बायकोने उलटवून शिवली होती. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी. मागचे टाके बघून खात्री पटली, हे माझ्या मुलीचं काम आहे. शिवणकाम म्हणजे चित्रकला नव्हे, असं मी तिला तोंडावर म्हणालो होतो. दोन वर्षं ती बोलत नाही माझ्याशी."

मग बाईंनी आवाज खाली आणून विचारले, "हे दोन गुण रागाचे, की लोक काय म्हणतील या भीतीचे?"

"खरं सांगू? मलाच कळत नाहीये. मी तेव्हाच उठायला हवं होतं."

त्यांनी आपले सगळे कागद फाडले, स्पर्धेच्या चिटणिसांना खरे कारण सांगितले आणि परीक्षकपद सोडले. त्यांच्या जागी दुसरा परीक्षक आला आणि सारी चित्रे पुन्हा तपासली गेली. एकतीस नंबरला दुसरे बक्षीस मिळाले.

तरी संशय कुठला सुटतोय! बक्षिसाच्या दिवशी हॉलभर कुजबुज होती, बापाने नाटक करून वशिला लावला म्हणून. मुलगीही तणतणत आली.

"बाबा, खरं सांगा. तुम्हीच मिळवून दिलंत ना?"

"मी तुला दोन दिले होते."

"दहापैकी?"

"दहापैकी."

ती बघतच राहिली. मग एकदम हसू फुटले तिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दोन? आईच्या शिवणीलासुद्धा दोन?" सर खाली मान घालून तिच्याजवळ उभे राहिले. मग दोघे मिळून त्या कॉलरी एकेक करून बघू लागले. सर कुठलीशी कॉलर दाखवून काही सांगत होते आणि ती ऐकत होती.

मित्रांनो, मी शरमलो. चेहरा मी बरोबर वाचला होता, अर्थ मात्र साफ चुकवला होता.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्या मागच्या पायाचा स्क्रू ढिला झाला आहे, म्हणून जरा धक्का लागला की मी डगमगतो. लोक म्हणतात, याचा भरवसा नाही, टाकून द्या. तुम्ही तसे करू नका. कुणी डगमगताना दिसले तर आधी वाकून बघा, कुठे काय ढिले झाले आहे. बहुतेक वेळा दोन आटे आवळले की काम भागते.