दीड किलोचे खोटे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि माझ्यावर उभा राहणारा प्रत्येक मोठा माणूस आधी पोट आत घेतो. पोट आत घेतल्याने वजन कमी होत नाही, हे मी इतकी वर्षे दाखवत आलो आहे. पण ते कोणाला पटत नाही. घरात मला बोलता येत नाही, फक्त दाखवता येते. म्हणून मनात साठलेले आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक दणकट स्प्रिंग आहे, वर गोल तबकडी आणि तिच्यावर तांबडा काटा. मागच्या बाजूला नखाने फिरेल एवढी एक दातेरी चाकी आहे. मी रिकामा असताना काटा शून्यावर नसला, की ही चाकी फिरवून तो शून्यावर आणायचा असतो. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्यावर एकेक करून लोखंडी वजने ठेवली. मी प्रत्येक वजन तंतोतंत दाखवले. "हा खरा आहे," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला अभिमान आहे, जरा जास्तच आहे म्हणा ना.

मला एका नव्या जोडप्याने विकत घेतले. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगे घासायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तिला दिवस गेले होते आणि वजनावर लक्ष ठेवायला सांगितले होते. मग मुलगी झाली. आई तिला घेऊन माझ्यावर उभी राहायची, नंतर तिला बाबांच्या हातात देऊन एकटी उभी राहायची, आणि बाबा मोठ्यांदा वजाबाकी करायचे. ती दर वेळी चुकायची. तिघेही हसायची; बाळाला काय कळत होते कोण जाणे, पण तेही हसायचे. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पुढे मुलगी मोठी झाली आणि मला सगळे विसरले. मला खिडकीखाली सरकवले गेले आणि माझ्यावर एक कुंडी येऊन बसली. तीन वर्षे मी त्या कुंडीचे वजन दाखवत होतो. पाणी घातल्यावर पाच किलो, पाणी घालायला विसरल्यावर सव्वाचार. कोणी बघत नव्हते, तरी मी माझे काम सोडले नाही.

मुलगी चालायला लागली ती धावतच, म्हणून घरात तिचे नाव भिंगरी पडले. शाळेत तिचे बूड बाकाला टेकत नसे. गणित अर्ध्यावर टाकून तिची नजर खिडकीकडे जाई, तिथून पेन्सिलीकडे, आणि पेन्सिल तर हरवलेलीच असायची. खेळताना ती आपली पाळी विसरायची आणि दुसऱ्याच्या पाळीला मध्येच पळायची. हळूहळू मुली तिला खेळात घेईनाशा झाल्या. "मला कोणी घेत नाही," असे ती मोजे शोधता शोधता आईला सांगायची, जणू मोज्यांबद्दलच सांगते आहे.

तपासण्या झाल्या, शाळेने फॉर्म भरून दिले. मग डॉक्टरबाईंनी आईबाबांना सांगितले, की भिंगरीला एडीएचडी आहे. तिचे लक्ष टिकत नाही, अंग तिला स्वस्थ बसू देत नाही. यात तिचा हट्ट नाही आणि तुमचा दोष नाही. त्यांनी अभ्यासाच्या काही युक्त्या सांगितल्या आणि एक गोळी दिली, अगदी कमी डोसची. या गोळीने भूक कमी होऊ शकते, झोप लांबू शकते, डोके दुखू शकते, हेही सांगितले. "दर पंधरा दिवसांनी घरी वजन करा आणि मला फोनवर कळवा. डोस वाढवायचा की कमी करायचा ते आपण मिळून बघू. मनाने काही करू नका," असे त्यांनी बजावले.

अशी माझी आठवण झाली. कुंडी खाली उतरली, माझ्या अंगावरचा मातीचा गोल डाग घासून निघाला, आईने चाकी फिरवून काटा शून्यावर आणला. पहिल्या रविवारी भिंगरी माझ्यावर एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या, मग दोन्ही. पंचवीस किलो. मी पुन्हा कामाचा झालो होतो आणि मला आनंद लपवता येत नव्हता. काटा थोडा वेळ थरथरत राहिला.

गोळी चालू झाली, पुढे डॉक्टरबाईंनी ती थोडी वाढवली, आणि घरात दोन गोष्टी बरोबरच घडू लागल्या. एकीकडे भिंगरीने अख्खे पान गणित सोडवले. एकदा ती शाळेतून आली ती दप्तर न काढताच ओरडत, "आई, मला घेतलं! मला खेळात घेतलं, आणि मी माझी पाळी येईपर्यंत थांबले!" आईने तिला उचलून घेतले. पण दुसरीकडे डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. संध्याकाळी गोळीचा असर उतरला, की एवढ्या तेवढ्यावरून ती रडकुंडीला यायची. झोप येता येईना. आईने फ्रिजवर कागद चिकटवला आणि रोज लिहू लागली: किती खाल्ले, कधी झोपली, डोके दुखले का. आणि माझा काटा पंचवीसवरून खाली उतरू लागला.

बाबांना गोळी पहिल्यापासून पसंत नव्हती. "मीही असाच वांड होतो. मला कोणी गोळी दिली होती?" ते म्हणायचे.

"तुला मार दिला होता," आई म्हणायची. "तो तरी काय गोड होता?"

मित्रांनो, दोघांपैकी कोणी दुष्ट नव्हते. एकाला लेकीचे बारीक झालेले मनगट दिसत होते, दुसरीला लेकीचा फुललेला चेहरा दिसत होता. माझ्यावर तिचे वजन सव्वाचोवीस आले त्या संध्याकाळी दोघांचे चांगलेच वाजले. शेवटी बाबांनी अट घातली. "चोवीसच्या खाली काटा गेला, की दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. मग डॉक्टर नाही, कोणी नाही."

आई थकली होती. "बरं बाबा. चोवीस तर चोवीस."

दोघांच्या लक्षात आले नाही, की दाराआड एका पायात बूट घालून भिंगरी उभी होती. एरवी तिला हाक मारली तर ऐकू जात नसे. हे मात्र अक्षरन् अक्षर ऐकू गेले.

पुढच्या वजनाच्या आदल्या दिवशी ती गुपचूप माझ्यावर उभी राहिली. पावणेचोवीस. ती खाली उतरली, पुन्हा चढली, पोटसुद्धा फुगवून बघितले. पावणेचोवीस ते पावणेचोवीसच. मग ती फरशीवर पालथी पडली आणि मला चहूबाजूंनी चाचपू लागली. तिचे बोट चाकीवर पडले तेव्हा माझ्या पोटातली स्प्रिंगच गोठली.

रविवारी सकाळी आई यायच्या आत तिने चाकी फिरवली आणि माझ्यावर चढून उभी राहिली. आईने वाकून बघितले. सव्वाचोवीस! आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागदावर लिहिले. ती वळताच भिंगरीने चाकी फिरवून काटा शून्यावर आणून ठेवला. त्या दिवशी खोटे अर्ध्या किलोचे होते. पंधरा दिवसांनी ते एक किलोचे झाले, आणि त्यानंतर दीड किलोचे. ज्या मुलीला दोन मोजे एका वेळी सापडत नसत, ती हे काम एकदाही विसरली नाही.

दुकानदार माल कमी देऊन काटा जास्त दाखवतो, त्याला काटा मारणे म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या जातीला त्याहून मोठी शिवी नाही. आणि मला काटा मारायला लावला तो आठ वर्षांच्या मुलीने, आपलेच वजन जास्त दाखवायला. मला तिचा राग आला नाही. तिच्या तळव्यांचा भार दर वेळी हलका होत चालला होता आणि ते फक्त मलाच कळत होते. मला भीती वाटत होती.

वजन ठीक आहे अशा समजुतीत आईने डॉक्टरबाईंना फोन केला. शेवटच्या तासाला भिंगरीचे लक्ष उडते असे शाळा म्हणते, तर डोस आणखी थोडा वाढवावा का?

"आधी मला एक सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "लागोपाठ इतक्या वेळा सव्वाचोवीसच? वाढत्या वयाच्या मुलीचं वजन असं खिळा ठोकल्यासारखं राहत नाही. तिला घेऊन या. तोवर काही वाढवू नका."

दवाखान्यातल्या काट्याने पावणेतेवीस दाखवले. आईबाबांच्या तोंडचे पाणी पळाले. अर्थात सगळे खापर माझ्यावर फुटले. "कधीचा जुना डबडा," बाबा म्हणाले, "उद्याच भंगारात टाकतो." पण बाबा कारागीर माणूस. यंत्र टाकून देण्याआधी तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लिफ्ट किती भार उचलते ते बघायला त्यांच्याकडे लोखंडी वजने असतात. त्यातले एक वीस किलोचे त्यांनी कामावरून आणले आणि माझ्यावर ठेवले.

मी वीस दाखवले. रेषभर कमी नाही, रेषभर जास्त नाही.

बाबा उकिडवे बसून काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईकडे बघितले. "काटा बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "मग काटा मारला कोणी? गोळी चालू राहावी असं या घरात कोणाला वाटत होतं?"

"मी?" आई म्हणाली. "पाव नंबरच्या फरकासाठी मी अख्खं भिंग पुन्हा घासते. आणि माझ्या लेकराच्या जिवाशी असं खेळेन?"

"मग मी समजू तरी काय?"

भिंगरी दारात उभी होती. गप्प बसली असती तर तिच्यावर कोणाचाही संशय गेला नसता. ती पुढे आली, माझ्यामागे गुडघ्यांवर बसली आणि तिने चाकी फिरवून दाखवली. वजन न हलता काटा वीसवरून साडेएकवीसवर गेला.

"आईने नाही मारला. मी मारला," ती म्हणाली. "बाबा, तू म्हणालास चोवीसच्या खाली गेलं की गोळी बंद. गोळी बंद झाली की मला परत कोणी खेळात घेणार नाही. मला भूक नसते रे, पण मला खेळायचं असतं."

बाबा तिथेच फरशीवर बसले. मग बाबांनी आईचा हात धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. तुला बोललो ते चुकलं, आणि ती अट तर मुळातच चुकली." भिंगरीला त्यांनी मांडीवर ओढून घेतले. "आता आपण तिघं मिळून हे नीट लावायचं. बंद नाही आणि लपवालपवीही नाही. कळलं?"

दुसऱ्या दिवशी तिघे डॉक्टरबाईंकडे गेले आणि त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. डॉक्टरबाई भिंगरीला रागे भरल्या नाहीत. "गोळीला चालू आणि बंद अशी दोनच बटणं नसतात," त्या म्हणाल्या. त्यांनी डोस कमी केला. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही. आधी पोटभर न्याहारी. दुपारी जेवण जात नसेल तर जबरदस्ती नको. संध्याकाळी भूक परत येते तेव्हा एकदा आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा खायला द्यायचे. एवढे करूनही वजन सावरले नाही, तर दुसरे औषध बघता येईल. शाळेसाठीही त्यांनी चिठ्ठी दिली, की भिंगरीला पुढच्या बाकावर बसवा आणि शेवटच्या तासाला फळा पुसायचे काम द्या.

तेव्हापासून या घराने कंबर कसली आहे. बाबा रोज पहाटे उठून अंडी उकडतात. पहिल्या आठवड्यात निम्मी फुटली. आता एखादेच फुटते. आई शेंगदाणे आणि केळे घालून दूध घुसळते. डोस कमी केल्यावर गणिताचे पान पुन्हा अर्ध्यावर राहू लागले, तेव्हा आईने पानाचेच दोन तुकडे केले आणि मध्ये जिना चढून उतरायची सुट्टी ठेवली.

पहिला रविवार आला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, कारण मला खोटे दाखवता येत नाही. भिंगरी चढली. आईने टेबलाची कड घट्ट धरली. बाबा दुसरीकडे बघत राहिले. काटा थरथरला आणि स्थिरावला. भिंगरीने वाकून स्वतःच वाचले, मोठ्यांदा.

"साडेबावीस. आणखी कमी झालंय, बाबा."

बाबा वळून म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. लिही कागदावर. आणि चल, अंडं गार होतंय."

तिने आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात साडेबावीस लिहिले. पुढच्या वेळी तो आकडा तिथेच राहिला. त्याच्या पुढच्या वेळी तेवीस आला आणि बाबांनी मला फडक्याने पुसले. अजून पल्ला लांब आहे. कधी डबा परत येतो, कधी ती मोज्यावरून रडते. पण खेळात तिला घेतात, आणि फ्रिजवरचा कागद खरा आहे.

मित्रांनो, मला ओल्या फरशीवर ठेवू नका, माझ्यावर कुंड्या ठेवू नका, आणि वजन करण्याआधी मला शून्यावर आणत जा. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझा एवढा निरोप द्या. काट्याला अट घालू नका. ती लेकराच्या कानावर पडते. आणि लेकराने खरे सांगितले, मग आकडा कितीही वाईट असो, आधी त्याला जवळ घ्या. डोस काय, तो नंतर बदलता येतो.