आधी वीज, मग वेग

"सिस्टर, थांबा! बटण दाबू नका!"

लेकीचा आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या खाटेवरच्या आजी दचकल्या. नर्सचं बोट पंपावर तसंच राहिलं. आईच्या हातात थेंबथेंब औषध सोडणारा पंप अडकला होता.

"अहो ताई, बंद करून परत चालू करायचा. रोजचंच आहे आमचं."

हे पंप बनवणाऱ्या कंपनीतच लेक नोकरीला होती. पंप चालू होताना आतल्या कोणत्या भागानं कोणाच्या आधी जागं व्हायचं, हे ठरवणारा प्रोग्राम तीच लिहायची. जुन्या प्रोग्राममध्ये मोटारीला आधी वीज मिळायची आणि वेग मागाहून ठरायचा. तेवढ्यात मोटार एक हिसका द्यायची आणि थोडं औषध एकदम पुढे ढकलायची. तिनं क्रम फिरवला होता: आधी वेग शून्य, मगच वीज. "दोन-चार थेंबांनी काय आभाळ कोसळतंय?" म्हणत साहेब हसले होते, पण नवा प्रोग्राम पाठवतो म्हणाले होते. तो इथवर पोचला का, देव जाणे.

नळीतलं औषध रक्तदाब चढवणारं होतं. तेवढे थेंब एकदम गेले तर आईच्या हृदयाला झेपणार नव्हतं.

"आधी नळी हातापासून सोडवा, मग चालू करा. पाया पडते तुमच्या."

"औषध थांबलंय त्यांचं. दाब उतरतोय, दिसतंय ना?"

दिसत होतं. मॉनिटरवरचा रक्तदाबाचा आकडा खाली सरकत होता. आपलाच अंदाज चुकला तर?

"सोडवा, सिस्टर."

"अगं, कशाला त्यांच्या कामात लुडबुडतेस?" आई क्षीणपणे म्हणाली.

नर्सनं नळी सोडवली आणि बटण दाबलं. पंप कर्रकन् वाजला. सुट्या टोकातून औषधाची चिळकांडी उडून चादरीवर पडली.

नर्सनं नळी पुन्हा जोडली. बऱ्याच वेळानं आकडा वर चढू लागला.

"झालं ना नीट? उगाच घाबरतेस," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

लेकीनं साहेबांना फोन लावला. "इथं जुनाच आहे."

पलीकडून साहेबांनी विचारलं, "किती पंप आहेत तिथं?"

तिनं मान वळवली. नर्स चिकटपट्टीचे तुकडे फाडत एकेका खाटेपाशी जात होती आणि प्रत्येक पंपाच्या बटणावर एकेक लावत होती.