चिऊच्या वजनातला स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. डोकं म्हणजे ती गोल काच, जिच्याखाली आकड्यांची तबकडी फिरते. बाकीचं माझं अंग म्हणजे नुसती पाठ. आयुष्यभर लोक या पाठीवर उभे राहिले, त्यांनी खाली वाकून बघितलं आणि वर मलाच नावं ठेवली. आजवर मी सगळं ऐकून घेतलं. पण एका तान्ह्या बाळाच्या बाबतीत जे घडलं ते मला मुकाट्याने गिळता येत नाही. मोठ्या माणसांना माझ्याकडून फक्त आकडा हवा असतो, म्हणून ही हकिगत तुम्हाला सांगतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची पाठ, तिच्यावर खरखरीत काळं रबर, आत चार पट्ट्या आणि एक जाड स्प्रिंग. शेवटच्या टेबलावर तपासणीची बाई बसायची. ती माझ्यावर लोखंडी वजनं एकेक करून ठेवायची आणि एक रेघ जरी इकडची तिकडे झाली तरी मला परत पाठवायची. मी तीनदा परत गेलो, चौथ्यांदा पास झालो. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. माझ्या तबकडीवरच्या रेघा अर्ध्या अर्ध्या किलोच्या आहेत. मला मोठ्या माणसांसाठी बनवलं आहे. पाव किलोचं विचाराल तर मी अंदाजाने सांगेन, पण शपथेवर सांगणार नाही.

सुरुवातीची कित्येक वर्षं मी एका औषधाच्या दुकानात दाराशी होतो. काय मान होता तेव्हा माझा. दुकानदार रोज सकाळी मला फडक्याने पुसायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा की आमच्या काट्यात खोट नाही. लोक चपला काढून, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवून वर चढायचे. काहीजण तर श्वास रोखून धरायचे, जणू हवेचंच वजन जास्त आहे. मग दुकानात बॅटरीवर चालणारा, लाल आकडे दाखवणारा काटा आला. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत. दुकानदाराने मला आपल्या भाच्याला देऊन टाकलं.

हा भाचा म्हणजे दादा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको आणि धाकटी बहीण राणी असे तिघे राहायचे. राणी वहिनीला वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर उभी राहते आणि येणाऱ्या पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देते. तिथे निळा कोट घालावा लागतो. माझी जागा कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठरली. प्रवासाच्या बॅगेचं किंवा रद्दीच्या गठ्ठ्याचं वजन करायचं असलं की माझी आठवण व्हायची, एरवी माझ्यावर ओली बादली ठेवलेली असायची.

मग वहिनीला दिवस गेले आणि माझे दिवस पालटले. दर रविवारी ती माझ्यावर उभी राहायची आणि आकडा वर गेला की घरात आनंद व्हायचा. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा. राणी म्हणायची, बघा कशी गुटगुटीत झाली वहिनी. अठ्ठावन्नची एकोणसाठ झाली तेव्हाही कौतुक, आणि पंच्याहत्तर झाली तेव्हाही कौतुक.

बाळ झालं. मुलगी. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं, म्हणून सगळे चिऊ म्हणायचे. आणि चिऊ महिन्याची व्हायच्या आतच जो आकडा काल लाडका होता तो आज वैरी झाला. भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाला बघायची आणि मग हळूच आईच्या पोटाकडे बघायची. एकीने तर विचारलं की अजून एखादं आत राहिलंय का. सगळे हसले. वहिनीही हसली, पण नंतर ती माझ्यावर येऊन किती वेळ उभी होती ते मला ठाऊक आहे. अहो, नऊ महिने लागले ते चढायला, मग उतरायला नऊ आठवडे तरी द्याल की नाही?

त्यात हॉटेलातून फोन आला. सुटी संपायला दोन महिने होते. तिथल्या मॅनेजरबाईंनी सांगितलं की काउंटरवर उभं राहणाऱ्यांनी नीटनेटकं दिसलं पाहिजे, नवा कोट मिळणार नाही, जुनाच अंगावर यायला हवा. वहिनीने कोट घालून पाहिला. बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. तिने तो कोट दाराच्या खुंटीला टांगला, येता-जाता दिसावा म्हणून, आणि त्याच दिवसापासून तिने जेवण तोडलं.

राणी पहाटे उठून व्यायामशाळेत जाणारी. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने आपल्या व्यायामशाळेतला खाण्याचा तक्ता आणून फ्रिजवर चिकटवला. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी आणि उकडलेली भाजी, संध्याकाळी सूप. तो तक्ता बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी नव्हता, हे तिच्या गावीही नव्हतं. शिवाय दुपारी तासभर जिने चढउतार. चिऊच्या पिण्याची वेळ झाली आणि वहिनी जिन्यात असली की राणी चिऊला चोखणी देऊन झोपवायची.

आता ऐका, खरी गफलत कुठे झाली ती. चिऊचं वजन घरी कसं करायचं, हे दादाने पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. वहिनी चिऊला घेऊन माझ्यावर चढायची, मग चिऊला गादीवर ठेवून लगेच एकटी चढायची. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला की उरलं ते चिऊचं. हिशेब चोख होता. चिऊ सहा आठवड्यांची असताना वहिनी एकटी बहात्तर आणि दोघी मिळून शहात्तर. म्हणजे चिऊ चार किलोची, माझ्या जाड्या रेघांचा विचार करता थोडी वरच.

पण जेवण तोडल्यावर वहिनीला स्वतःचा आकडा फक्त पहाटे बघवायचा. उपाशीपोटी, पातळ गाऊन घालून, पाणीसुद्धा न पिता. दादा मात्र रविवारी उशिरा उठायचा, त्यामुळे चिऊचं वजन दुपारी व्हायचं. तेव्हा दादाने तिला एकटीला चढायला सांगितलं तर ती म्हणाली की मी माझं सकाळीच पाहिलंय, तोच आकडा घ्या. आणि त्याने घेतला.

थंडीचे दिवस होते. दुपारी वहिनीच्या अंगात जाड स्वेटर, पायात चपला, पोटात सूप आणि तीन पेले पाणी, कडेवर दुपट्यात गुंडाळलेली चिऊ. एवढं सगळं माझ्या पाठीवर. त्यातून पहाटेची उपाशी वहिनी वजा केली आणि उत्तर आलं साडेपाच. दादाने कॅलेंडरवर साडेपाच लिहून शेजारी हसरा चेहरा काढला. बाळ एका आठवड्यात दीड किलो वाढलं, हे खरं असू शकेल का, असं एकानेही स्वतःला विचारलं नाही. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला तरी ज्याला कळतं, त्या माणसाला आपल्या बायकोचा स्वेटर दिसला नाही. मी दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं होतं. वजाबाकी माझी नव्हती.

पुढचे तीन रविवार असंच चाललं. वहिनी सदुसष्टवर आली. राणीने टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, दोघींचीही गाडी झकास चालली आहे. आणि चिऊ? चिऊ फार शहाणी झाली होती म्हणे. रडत नव्हती. दुपारी चार-चार तास झोपायची. शेजारीण म्हणाली की असं गुणी बाळ मिळायला नशीब लागतं. मशीनशेजारी पडल्या पडल्या मला चिऊचं रडणं दर आठवड्याला बारीक होताना ऐकू येत होतं. तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

चिऊ दहा आठवड्यांची झाली तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या पिशवीत बाळांसाठीचा काटा होता, हूक आणि कापडी झोळीवाला. त्यांनी चिऊचे सगळे कपडे काढले, झोळीत ठेवलं, उचललं. मग खाली ठेवून पुन्हा उचललं.

"चार किलो तीनशे," त्या म्हणाल्या.

दादाने कॅलेंडर दाखवलं. तिथे पावणेसहा होते. तो म्हणाला, "तुमच्या काट्यात काहीतरी गडबड असेल. आमचा काटा औषधाच्या दुकानातला आहे."

नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं की घरी वजन कसं करता. दादाने दुपारचा आकडा, पहाटेचा आकडा आणि वजाबाकी सांगितली. मग त्यांनी वहिनीला चिऊला घेऊन माझ्यावर उभं केलं आणि लगेच चिऊला बाजूला घेऊन एकटीला उभं केलं. त्याच कपड्यांत, त्याच मिनिटाला. माझ्या रेघा जाड्या खऱ्या, पण चार आणि साडेचारच्या मध्ये मी स्वच्छ उभा राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ माझ्यावर आली होती, ती टळली. पण खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला नाही. वहिनी उतरायचं सोडून आकडाच बघत होती.

"म्हणजे इतके दिवस बाळाच्या वजनात तुमचा स्वेटर धरलात," नर्सबाई म्हणाल्या. "आज काय खाल्लंत?"

वहिनी म्हणाली, "काकडी."

"आणखी?"

"काळा चहा." मग ती एकदम म्हणाली, "पण ती रडत नाही हो. मला वाटलं तिचं पोट भरतंय."

"रडायलाही ताकद लागते, बाई."

राणीने फ्रिजवरचा तक्ता काढला आणि मुठीत चुरगळला. वहिनी चिऊला छातीशी धरून माझ्यावरच बसली. मित्रांनो, त्या दिवशी ती किती किलोची होती हे मी पाहिलंच नाही.

नर्सबाईंनी त्याच दिवशी चिऊला डॉक्टरांकडे न्यायला लावलं. आजार काही नव्हता, बाळ उपाशी होतं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, झोपली असेल तर उठवून पाजायचं, चोखणी बंद, आणि आईने तीन वेळा पोटभर जेवून मध्ये काहीतरी खायचं, असं ठरलं. वजन उतरवू नका असं नर्सबाई म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या की पोटभर जेवून, रोज थोडं चालून आठवड्याला अर्धा किलो गेलं तर पुष्कळ झालं, आणि एखाद्या आठवड्यात नाही गेलं तरी काही बिघडत नाही. तुम्ही चार आठवड्यांत पाच घालवलेत, दूध कुठून येणार?

निघताना त्यांना दारावरचा निळा कोट दिसला. वहिनीने कोटाचं सांगितलं. नर्सबाईंनी कोट उलटा केला, अस्तर वर करून बाजूची शिवण चाचपली आणि म्हणाल्या, "अहो, आत दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया सोडलेली आहे, जास्तीचं कापड. उसवून शिवून आणा."

ही चार बोटं कोटातच होती. वहिनी चार आठवडे उपाशी राहिली, चिऊ चार आठवडे अर्धपोटी राहिली, आणि कोट उलटा करून बघावं असं घरात कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, पण मी पडलो काटा.

त्यानंतर तीन आठवडे नर्सबाई दर आठवड्याला येत राहिल्या. पहिल्या आठवड्यात चिऊ दोनशे ग्रॅम वाढली, दुसऱ्यात अडीचशे, तिसऱ्यात पुन्हा अडीचशे. झोळी उचलली की वहिनी डोळे मिटून घ्यायची आणि आकडा ऐकूनच उघडायची. चिऊ इतकी रडायला लागली की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, बाळाला बरं नाही का. दादाने तिला अभिमानाने सांगितलं की तिला भूक लागली आहे. वहिनी कामाला गेली त्या दिवशी कोट अंगावर नीट बसला होता. मॅनेजरबाईंना शिवण दिसलीसुद्धा नाही म्हणे. वहिनीचा आकडा तेव्हा किती होता ते मला ठाऊक नाही, कारण तिने मला पलंगाखाली सरकवून दिलं आहे.

मी इथे धुळीत पडलो आहे. माझी तक्रार नाही. राग आहे तो वेगळाच. चार आठवडे त्या घरात रोज विचारलं जात होतं, आज किती, आज किती. जेवलीस का, हे घरातल्या कोणी विचारलं नाही. ते विचारायला बाहेरून एक बाई यावी लागली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी, मावशीकडे, काकूकडे बाळ आलं असेल, तर बाळाच्या आईला आकडा विचारू नका. कोणी विचारत असेल तर त्यालाही गप्प करा, मोठा माणूस असला तरी. तिच्या पुढ्यात वाढलेलं ताट ठेवा आणि बाळाला तुमच्या मांडीवर घ्या, म्हणजे जेवण गार व्हायच्या आत तिला जेवता येईल.