घोडा का दिला?

"भाऊजी, पाच मिनिटं द्या. असा डाव तुम्ही जन्मात पाहिला नसेल!" असं म्हणत साडू थेट दुकानाच्या मागच्या खोलीत शिरला आणि काचा घासायच्या टेबलावर त्याने बुद्धिबळाचा पट मांडला.

चष्मेवाल्याने मशीन बंद केलं. "या, या," तो तोंडभर हसून म्हणाला. पोटात मात्र दुखायला लागलं होतं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या साडूला बुद्धिबळ शिकवलं होतं त्यानेच. घोडा अडीच घरं चालतो, हे तीन-तीनदा सांगावं लागलं होतं. पण दोन वर्षांत गुरूची विद्या गुरूला फळली. ऑनलाइन खेळात साडूचं रेटिंग चष्मेवाल्यापेक्षा तीनशेने वर गेलं. सासुरवाडीला आजवर "डोकं म्हणजे थोरल्या जावयाचं" असं सगळे म्हणत. हल्ली सासरे पट काढला की धाकट्यालाच हाक मारत, आणि थोरल्याला चहा विचारत.

साडूचं गुपितही काही फार मोठं नव्हतं. हरलेला डाव वहीत उतरवायचा, जेवणाच्या सुट्टीत रोज एकच. चूक आधी आपली आपण शोधायची, मग संगणकाला विचारायचं. "चालती लिफ्ट कोण उघडून बघतं, भाऊजी? अडकलेलीच उघडायची," असं तो म्हणायचा. चष्मेवाला मात्र फक्त जिंकलेले डाव तपासायचा. चांगल्या खेळींसमोरच्या हिरव्या खुणा मोजल्या की त्याला बरं वाटायचं. हरला की फोन उपडा. "अहो, तुम्हीही घाला की एक वही," असं बायको एकदा सहज म्हणाली, तर याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वही कच्च्या माणसाला लागते," तो म्हणाला आणि दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

शेवटी गेल्या रविवारी त्याने 'काळा हत्ती' या टोपणनावाने नवं खातं उघडलं आणि साडूला आव्हान दिलं. शेजारी दुकानाचा संगणक चालू ठेवला. संगणकाने सांगावं, याने खेळावं. सव्विसाव्या खेळीला साडूवर मात झाली. दोन दिवस चष्मेवाला हवेत होता. मग लक्षात आलं, की हा विजय कुणाला सांगायचीही सोय नाही.

आणि आता तोच डाव टेबलावर मांडला जात होता.

"कोण हा काळा हत्ती, देव जाणे," साडू म्हणाला. "पण काय खेळलाय! हे बघा, इथं चांगला घोडा त्याने प्याद्याच्या तोंडी दिला. मी हसलो. म्हटलं, चुकला बिचारा. आणि सात खेळींनी माझा राजा उघडा! चार दिवस याच डावावर बसलोय. असा माणूस समोर भेटला ना, तर पाया पडेन मी."

दोन वर्षांत असं कौतुक चष्मेवाल्याच्या वाट्याला आलं नव्हतं. ते त्याचंच होतं आणि त्याचं नव्हतं. भलत्याच कुणाच्या तरी पदरात ते पडतंय, हे त्याला बघवेना. कुणी नसलेल्या त्या काळ्या हत्तीचाच त्याला हेवा वाटू लागला. जीभ आवरली नाही.

"मीच तो," तो म्हणाला.

साडूचा चेहरा असा उजळला, की चष्मेवाल्याला मान वर करवेना.

"तुम्ही? अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी वेड्यासारखा एकटाच डोकं फोडतोय." त्याने घाईघाईने वही उघडली, पेन काढलं. "सांगा, घोडा का दिलात? मनात काय होतं तेव्हा?"

चष्मेवाल्याने घोडा उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. बाहेर गिऱ्हाइकाने काउंटरवर टकटक केलं. तो उठला नाही. पटाकडे कितीही बघितलं तरी त्यात त्याला काही दिसेना.

साडूने हळूच पेनाचं टोपण लावलं. वही मिटून बाजूला ठेवली. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं चष्मेवाल्याला वाटलं.

"अवघडच आहे ती खेळी," साडू म्हणाला. "मलाही तिसऱ्या दिवशी कळली. आपण मिळून बघू या? तुम्हाला कुठपर्यंत कळलंय? तिथून पुढे सांगतो."

चष्मेवाल्याने घोडा त्याच्या पहिल्या घरात नेऊन ठेवला. मग एकेक करून सगळीच मोहरी परत जागेवर लावली.

"पहिल्यापासूनच सांगा," तो म्हणाला.